काठीची राजवाडी होळी : एका संस्थानाचा आणि एका व्रताचा इतिहास

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्यातले गाव. एके काळी ते एका छोट्या आदिवासी संस्थानाची राजधानी होते. आज ते फाल्गुन पौर्णिमेला पेटणाऱ्या होळीसाठी ओळखले जाते. ही होळी 'राजवाडी होळी' म्हणून प्रसिद्ध आहे, कारण ती संस्थानच्या गादीने सुरू केली आणि तिचा मान आजही त्या घराण्याकडे आहे. सातपुड्याच्या कुशीतील शेकडो पाड्यांमधून लोक या एका रात्रीसाठी येथे येतात. रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी होळी पेटते. परंपरेनुसार या होळीची सुरुवात १२४६ साली झाली. राजांचे अधिकार गेले, सीमा बदलल्या, जिल्हे नव्याने आखले गेले, तरी होळीचे नेम टिकून राहिले. म्हणून काठीचा इतिहास समजून घेण्यासाठी संस्थान आणि व्रत या दोहोंकडे एकत्र पाहावे लागते.

डोंगर, नदी आणि माणसे

सातपुड्याच्या रांगा नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. त्यांच्या दक्षिणेला तापीचे सपाट, सुपीक खोरे आहे आणि उत्तरेला नर्मदा. महाराष्ट्राच्या सीमेवरून नर्मदा ५४ किलोमीटर वाहते आणि तो सगळा प्रवाह याच जिल्ह्याच्या माथ्यावरून जातो. पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. डोंगरात अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, हे दोन तालुके येतात. मोलगी ही या भागातली मोठी बाजारपेठ. भगर, आमचूर, मोहाची फुले आणि चारोळी हा डोंगरातला माल तेथून खाली मैदानात जातो.

येथील वस्ती भिल्ल समाजाच्या निरनिराळ्या शाखांची आणि पावरा समाजाची आहे. वसावे, पाडवी, वळवी, तडवी, पावरा ही आडनावे पाड्यापाड्यांत भेटतात. देहवाली, वसावी, नोयरी, पावरी अशा बोली बोलल्या जातात. घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपल्या शेताजवळ, टेकडीच्या उतारावर असते आणि अशा विखुरलेल्या घरांचा मिळून पाडा होतो. एरवी दूरदूर राहणारी ही माणसे एकत्र येण्याची ठिकाणे दोनच, आठवड्याचा बाजार आणि सण. सातपुड्यात होळीला दिवाळीपेक्षा मोठे स्थान का आहे, याचे एक कारण या विखुरलेल्या वस्तीत सापडते. दुसरे कारण शेतीच्या वर्षात आहे. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, पुढची पेरणी पावसावर अवलंबून आणि अजून लांब असते. मोह फुलायला लागलेला असतो. या मोकळ्या काळात होळी येते.

मेहवासी संस्थाने

काठीचे संस्थान खानदेशच्या सहा मेहवासी संस्थानांपैकी एक होते. इतर पाच म्हणजे नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर. मैदानातल्या राज्यकर्त्यांच्या नियमित महसूल व्यवस्थेत न आलेल्या डोंगरी प्रमुखांना मेहवासी म्हणत. खानदेशवर यादवांची सत्ता होती, पुढे फारुकी आले, १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर मोगल आले आणि नंतर मराठे. यांपैकी प्रत्येक सत्तेचे मुख्य लक्ष तापीचे खोरे आणि त्यातून गुजरातकडे जाणाऱ्या व्यापारी वाटा यांवर होते. डोंगरात सैन्य नेणे अवघड आणि तेथून मिळणारा महसूल थोडा. त्यामुळे डोंगरी प्रमुखांचा कारभार त्यांच्या हाती राहिला.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्या वेळी भिल्लांची अनेक बंडे चालू होती. ती शमवण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी उभी राहिली आणि जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. मेहवासी प्रमुखांच्या मुलखात मात्र थेट राज्य करण्याऐवजी इंग्रजांनी त्यांना मान्यता दिली आणि जिल्ह्याच्या कलेक्टरकडे त्यांच्या देखरेखीचे काम सोपवले. १८७४ च्या अनुसूचित जिल्हा कायद्यात या प्रमुखांच्या गावांचा वेगळा उल्लेख झाला. त्यात नावे नसून पदे आहेत. काठीचा, नालचा, सिंगपूरचा आणि नवलपूरचा पाडवी, गव्हाळीचा वळवी, चिखलीचा वसावा. घराण्याची आडनावे हीच येथे राजपदाची ओळख ठरली. कायद्याच्या भाषेत ही गावे सामान्य कायदेकानूंपासून बाजूला ठेवलेला मुलूख होती.

स्वातंत्र्यानंतरही ही यादी मिटली नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली १९५० मध्ये अनुसूचित क्षेत्रांचा आदेश निघाला, तेव्हा पश्चिम खानदेशातील क्षेत्रांमध्ये नवापूर पेटा आणि अक्राणी महालाबरोबर याच सहा मेहवासी प्रमुखांच्या गावांचा समावेश झाला. काठीच्या पाडवीचा उल्लेख असा थेट प्रजासत्ताकाच्या दस्तऐवजात पोहोचला. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी मेहवासी संस्थानांचे मालकी हक्क रद्द करण्यात आले आणि जमीन महसुलाच्या सर्वसाधारण व्यवस्थेत आली. १९८५ च्या आदेशात प्रमुखांच्या नावाने गावे मोजण्याची पद्धत मागे पडून अक्कलकुवा तालुक्याचा अनुसूचित क्षेत्रात समावेश झाला. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते.

राजाचा कर गेला, न्यायनिवाडा गेला, जमीन गेली. होळीचा मान तेवढा उरला. तो कोणत्याही आदेशाने दिलेला नव्हता, त्यामुळे आदेशाने काढून घेण्याचा प्रश्नही आला नाही. काठीच्या घराण्याकडे आज असलेले स्थान पूजेचे आणि यजमानपदाचे आहे, सत्तेचे नाही.

१२४६ हे वर्ष आणि त्याआधीची देवकथा

काठीच्या परंपरेनुसार राजा उमेदसिंग यांनी १२४६ मध्ये ही होळी सुरू केली. ते वर्ष देवगिरीच्या यादवांच्या काळात येते. सिंघणदेवाची दीर्घ राजवट संपत आली होती आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास अजून ४४ वर्षे होती. हे वर्ष ताम्रपटातून किंवा शिलालेखातून आलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितले गेले आहे आणि त्याच रूपात ते घ्यायला हवे. मौखिक परंपरा अशा वर्षातून प्रामुख्याने एक दावा सांगते : हा सण मैदानातल्या कोणत्याही राज्यकर्त्याने दिलेला नाही, तो गादीइतकाच जुना आहे.

अशी वर्षे जगात इतरत्रही सणांचा आधार झाली आहेत. तुर्कस्तानात एदिर्ने शहराजवळ दरवर्षी किर्कपिनारची तेल लावून खेळायची कुस्ती होते. तिची सुरुवात परंपरेने चौदाव्या शतकात, उस्मानी योद्ध्यांच्या थ्रेसमधील मोहिमेशी जोडली जाते. तेथेही दावूल नावाचा मोठा ढोल आणि झुर्ना नावाचे सनईसारखे वाद्य यांच्या तालावर मल्ल मैदानात उतरतात आणि उत्सवाला 'आगा' नावाचा मानाचा यजमान असतो. उस्मानी साम्राज्य १९२२ मध्ये संपले, पण कुस्ती थांबली नाही. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. सत्ता गेल्यावरही तिच्या काळातला सण यजमान, वाद्य आणि नेम यांच्या बळावर कसा टिकतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

काठीच्या होळीमागची श्रद्धा मात्र राजाहूनही जुन्या देवकथांवर उभी आहे. याहा मोगी ही सातपुड्याची मोठी देवी, धान्य देणारी माता. तिचे मुख्य ठाणे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. राजा पांठा आणि गांडा ठाकूर ही तिच्याबरोबर घेतली जाणारी नावे. त्यांच्या कथांमधला मुलूख म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातील डाब आणि भोवतालचे डोंगर. डाबची होळी देवांची होळी मानली जाते. महाशिवरात्रीची देवमोगऱ्याची यात्रा आणि फाल्गुनी पौर्णिमेची काठीची होळी हे एकाच ऋतूतले, एकाच श्रद्धेचे टप्पे आहेत. आज त्यांच्यामध्ये दोन राज्यांची सीमा असली तरी भाविकांच्या वाटेत ती आडवी येत नाही.

होळीपूर्वीचा बाजार

होळीच्या आधीच्या आठवडे बाजारांना सातपुड्यात भोंगऱ्या म्हणतात. धडगाव, मोलगी आणि डोंगरातल्या इतर बाजारांत त्या दिवसांत एवढी गर्दी होते की चालायला वाट उरत नाही. गूळ, डाळ्या, फुटाणे, खजूर आणि साखरेचे हार-कंगन हे होळीच्या पूजेचे सामान, घुंगरू, कपडे आणि दागिने यांची खरेदी होते. ढोल वाजत बाजारात येतात. बाहेरून लिहिणाऱ्यांनी या बाजाराला अनेकदा तरुण-तरुणींनी जोडीदार निवडण्याचा बाजार म्हणून रंगवले आहे. आदिवासी समाजातील जाणकार आणि संघटना हे वर्णन ठामपणे नाकारतात, आणि ते योग्यच आहे. भोंगऱ्या हा सणाच्या खरेदीचा आणि भेटीगाठीचा बाजार आहे. लग्ने ठरवण्याच्या समाजाच्या रीती स्वतंत्र आहेत.

पाळणी

काठीच्या होळीचा गाभा पाळणीत आहे. ज्यांनी नवस केलेला असतो, किंवा ज्यांच्या घरात हा मान चालत आलेला असतो, ते पुरुष होळीच्या दिवसांत कडक नेम पाळतात. ही पाळणी साधारण पाच दिवसांची असते. त्या काळात खाटेवर झोपायचे नाही, जमिनीवर निजायचे. पायात काही घालायचे नाही. मांसाहार वर्ज्य आणि ब्रह्मचर्य आवश्यक. आंघोळही करायची नाही. मूल व्हावे, आजार बरा व्हावा, घरावरचे संकट टळावे, अशा कारणांनी नवस बोललेले असतात आणि पाळणी पाळून ते फेडले जातात.

पाळणी पाळणारेच नृत्यातली निरनिराळी रूपे घेतात. बावा आणि बुध्या ही त्यांपैकी सर्वांत लक्षवेधी. अंगभर राखेच्या किंवा पिठाच्या पांढऱ्या ठिपक्यांची आणि रेषांची नक्षी काढलेली असते. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांनी सजलेला उंच टोप असतो. कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि मोठी घुंगरे बांधलेली असतात. पावले पडू लागली की भोपळे एकमेकांवर आपटून आणि घुंगरे वाजून ताल धरला जातो. मोरखी हे दुसरे रूप. काली या रूपात पुरुष स्त्रीचा पोशाख करतो आणि हातात लाकडी चाटू घेतो. ही रूपे पाहणाऱ्याला नाटकातल्या पात्रांसारखी वाटू शकतात, पण ती धारण करणारा माणूस व्रतस्थ असतो. त्याने अंगावर घेतलेली प्रत्येक वस्तू नवसाचा भाग असते आणि सण संपल्यावर ती विधीपूर्वक उतरवली जाते.

दांडा

होळीचा दांडा म्हणजे सुमारे सत्तर फूट उंचीचा सरळ बांबू. तो गुजरातच्या हद्दीतील जंगलातून आणण्याची प्रथा आहे. निवडलेला बांबू पूजा करून तोडतात आणि खांद्यावरून गावात आणतात. एवढा लांब बांबू डोंगरातल्या वळणांवरून न मोडता आणणे हे बऱ्याच माणसांनी एकजुटीने करायचे काम आहे.

दांड्यासाठी खड्डा खणताना कुदळ-फावडे वापरत नाहीत. माणसे हातांनी माती उकरतात, आणि या कामात मानकऱ्यांबरोबर जमलेले लोकही सामील होतात. दांड्याला हार-कंगन, खजूर, डाळ्या, नारळ आणि पाने बांधून पूजा होते आणि मग सर्वांच्या बळाने तो उभा केला जातो. भोवती लाकडे रचली जातात. लोखंडी अवजार न वापरण्याचा नेम सणाला अवजारांच्या आधीच्या काळाशी जोडतो. शिवाय या कामात राजघराण्यातला माणूस आणि पाड्यावरचा शेतकरी दोघांचेही हात सारखेच मातीत जातात.

रात्र आणि पहाट

संध्याकाळपासून गावागावांची ढोलपथके काठीत दाखल होऊ लागतात. प्रत्येक पथक आपला मोठा ढोल घेऊन येते. एकाच लाकडाचा, दोन्ही बाजूंनी चामडे ताणलेला हा ढोल खांद्यातून अडकवून वाजवतात. त्याच्यासोबत मांदल, थाळी आणि बासरी असते. प्रत्येक पथकाभोवती नाचणाऱ्यांचे कडे तयार होते. स्त्रिया कमरेत हात गुंफून सलग रांगेत नाचतात. गळ्यात हासळी, हातापायांत चांदीची कडी आणि वाक्या असतात. बुध्यांचे घोळके एका कड्यातून दुसऱ्या कड्यात फिरत राहतात. मैदानात एकच मंच किंवा एकच कार्यक्रम नसतो. अनेक कडी एकाच वेळी फिरत असतात आणि पहाटेपर्यंत थांबत नाहीत.

बहुतेक महाराष्ट्रात होळी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटते. काठीत ती पहाटे, साधारण पाचच्या सुमारास पेटवतात. संस्थानच्या घराण्यातील मानकरी पूजा करतात आणि अग्नी दिला जातो. ज्वाळा दांड्यावर चढू लागल्या की सगळ्यांचे लक्ष तो कोणत्या दिशेला झुकतो याकडे असते, कारण त्यावरून येणारे वर्ष कसे जाईल याचा अंदाज बांधतात. रंग उधळणे हा या सणाचा भाग नाही. नैवेद्य, प्रदक्षिणा, नाच आणि अग्नी यांतच तो पूर्ण होतो.

काठीनंतर होळ्या संपत नाहीत. पुढच्या दिवसांत मोलगी आणि धडगाव परिसरातील वेगवेगळ्या गावांत होळ्या होतात. पाळणीतले बावा आणि बुध्या गावोगाव जाऊन नाचतात आणि फाग, म्हणजे होळीचे दान, मागतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी असल्याने एका गावची माणसे दुसऱ्या गावच्या होळीला पाहुणी म्हणून जाऊ शकतात. दूरदूर वसलेल्या पाड्यांमधले नातेसंबंध या साखळीतून दरवर्षी ताजे होतात. शेवटी नवस फेडून, आंघोळ करून पाळणी सोडली जाते.

अलीकडचे बदल

गेल्या काही दशकांत सातपुड्याचे जीवन वेगाने बदलले. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीसह नर्मदाकाठच्या गावांतली अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत मैदानात आली. ज्यांच्या देवांची ठाणी, स्मशाने आणि होळीच्या जागा पाण्याखाली गेल्या, त्यांच्यासाठी डोंगरात उरलेल्या होळ्यांचे मोल वाढले.

स्थलांतर हा दुसरा बदल. पाऊस संपल्यावर डोंगरातली कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातच्या मैदानात जातात. होळी जवळ आली की ती परततात. अक्कलकुव्याहून डोंगराकडे येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत भरून वाहतात. कमावलेला पैसा भोंगऱ्याच्या बाजारात खर्च होतो आणि देणीघेणी मिटतात. मुकादमांच्या आणि कारखान्यांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या आयुष्यात होळी हा मजुरांनी स्वतः राखलेला सुट्टीचा काळ आहे.

रस्ता, वीज आणि मोबाइलमुळे काठीला बाहेरचे पाहुणेही येऊ लागले. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाहिन्यांनी ही होळी राज्यभर पोहोचवली. मैदानावर विजेचे दिवे आले. यातून गावाला ओळख मिळाली, पण व्रतस्थ माणसाकडे छायाचित्राचा विषय म्हणून पाहण्याची सवयही त्याबरोबर आली.

प्रथमच जाणाऱ्यांसाठी

काठीला जाण्यासाठी जवळचे मोठे रेल्वे स्थानक नंदुरबार हे आहे. ते सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तेथून तळोदा, मग अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरील अक्कलकुवा आणि पुढे देवगोई घाट चढून मोलगी परिसरात जावे लागते. घाट वळणावळणाचा आहे, म्हणून उजेडात चढून जाणे चांगले. सण फाल्गुन पौर्णिमेला, म्हणजे बहुधा मार्चमध्ये येतो. दिवसा ऊन कडक असते आणि डोंगरात रात्री गारवा असतो. सगळी रात्र उघड्या मैदानावर काढायची असल्याने अंगावर घ्यायला काही, पाणी आणि थोडा शिधा बरोबर असावा. मुक्कामाची सोय अक्कलकुवा, तळोदा किंवा नंदुरबारला पाहावी.

गावात वागण्याचे नियम सणातूनच समजतात. पाळणीतल्या माणसाला हात लावू नये, त्याच्या टोपाला किंवा भोपळ्यांना तर मुळीच नाही. छायाचित्र घेण्याआधी विचारावे आणि नकार मिळाला तर तो मानावा. नाचणाऱ्या स्त्रियांच्या रांगेत बोलावल्याशिवाय शिरू नये. दांड्याजवळची जागा मानकऱ्यांची आणि नवसवाल्यांची असते, तेथून दूर उभे राहावे. अग्नी दिल्यावर वाऱ्याची दिशा पाहून अंतर ठेवावे. कोणी भाकरी पुढे केली तर ती आदराने घ्यावी, आणि घराबाहेर ठेवलेल्या देवांच्या वस्तूंची चौकशी यजमानांना विचारूनच करावी. ज्याला अधिक समजून घ्यायचे असेल त्याने आधीच्या आठवड्यात मोलगीचा भोंगऱ्या बाजार पाहावा आणि होळीनंतर एखाद्या लहान गावच्या होळीलाही जावे. बाजार, काठीची पहाट आणि त्यानंतरची गावे हे सगळे मिळून एकच सण आहे.

काठीच्या होळीचे नेम कोणत्याही सरकारी तिजोरीतून आलेले नाहीत. पाच दिवस जमिनीवर झोपणारा शेतकरी, ऊसतोडीवरून परतलेले कुटुंब, डोंगरातून बांबू आणणारे खांदे आणि पूजेचा मान सांभाळणारे घराणे यांनी ती चालू ठेवली आहे. मेहवासी संस्थानांचा राजकीय इतिहास आदेशांत आणि कायद्यांत वाचता येतो. त्यांचा सामाजिक इतिहास मात्र आजही काठीत, दरवर्षी फाल्गुनात, माणसे स्वतः जगतात.